ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा: लग्नाच्या तारखेपासून ट्रायब्युनलच्या सुनावणीपर्यंत

मी सांगलीहून मेलबर्नला आले ती ३०९ नंबरच्या, म्हणजे बाहेरून मागितलेल्या पार्टनर व्हिसावर. बघून-सवरून ठरवलेलं लग्न, नवरा इथे नोकरीला, मी सात महिने सासरी. तेव्हा वाटायचं, दोन्हीकडचे मिळून चारशे माणसांसमोर लग्न झालं, आता आणखी काय सिद्ध करायचं? पुढे मंडळाच्या कार्यक्रमांत नव्याने आलेल्या जोडप्यांशी बोलताना लक्षात आलं की नेमक्या याच समजुतीपायी अर्ज अडकतात. नातं खरं असतं, पण फाइलमध्ये ते दिसत नाही. फाइल वाचणाऱ्या अधिकाऱ्याने साखरपुडा पाहिलेला नसतो आणि केळवण म्हणजे काय हेही त्याला माहीत नसतं.

एक गोष्ट आधीच सांगते. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकील नसलेल्याने दुसऱ्याच्या केसवर सल्ला देणं गुन्हा आहे. मी यातली कोणीच नाही. त्यामुळे इथे आहे ती सर्वसाधारण माहिती. तुमच्या केसमध्ये जुना रिफ्यूजल, संपलेला व्हिसा किंवा पोलीस केस असं काही असेल तर सरळ जाणकाराकडे जा. एजंटचं नाव सरकारी नोंदवहीत आहे का, हे पैसे देण्याआधी ऑनलाइन बघता येतं. ते बघाच.

पहिली पायरी: कोणता व्हिसा ते ठरवा

अर्ज करताना तुम्ही ऑस्ट्रेलियात असाल तर ८२०, आणि पुढे त्याचा कायमस्वरूपी भाग ८०१. बाहेर असाल तर ३०९, आणि पुढे १००. दोन्ही टप्प्यांचा अर्ज एकाच वेळी होतो आणि फीही एकदाच भरायची असते. ती आता ९ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, साधारणपणे दर १ जुलैला वाढते आणि अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही. दुसऱ्या टप्प्याचा विचार पहिल्या अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनी होतो. मात्र अर्जाच्या वेळीच नात्याला तीन वर्षं झाली असतील, किंवा दोन वर्षं झाली असून दोघांचं मूल असेल, तर दोन्ही व्हिसा एकापाठोपाठ लगेच मिळू शकतात.

लग्न अजून व्हायचं असेल तर ३०० नंबरचा व्हिसा आहे. त्यासाठी दोघं सज्ञान झाल्यानंतर एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेले असायला हवेत. फक्त व्हिडिओ कॉलवर ठरलेलं लग्न इथे चालत नाही. व्हिसाच्या मुदतीत लग्न करायचं आणि मग पुन्हा ८२० चा अर्ज करायचा.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांसाठी 'डी फॅक्टो' नातं ग्राह्य आहे. जोडपं एकाच लिंगाचं असलं तरी नियम तेच. त्यासाठी अर्जाआधी किमान बारा महिने तसं नातं असावं लागतं. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड अशा राज्यांत नात्याची अधिकृत नोंदणी करता येते. ती केली की बारा महिन्यांची अट लागत नाही. पण त्याने फक्त ही एक अट सुटते, नातं खरं आहे हे दाखवावं लागतंच.

स्पॉन्सर, म्हणजे तुम्हाला इथे बोलावणारा जोडीदार, हा ऑस्ट्रेलियन नागरिक, कायम रहिवासी किंवा पात्र न्यूझीलंड नागरिक असावा लागतो. आयुष्यात दोनदाच जोडीदाराला स्पॉन्सर करता येतं, तेही पाच वर्षांच्या अंतराने. जो स्वतः कुणाच्या तरी पार्टनर व्हिसावर आला होता, त्यालाही त्याच्या अर्जापासून पाच वर्षं थांबावं लागतं. सबळ कारण असेल तर यात सूट मिळू शकते. स्पॉन्सरचीही पोलीस पडताळणी होते. दुसरं लग्न असलेल्या स्थळाच्या बाबतीत मुलीकडच्यांनी हे प्रश्न लग्न ठरवतानाच विचारावेत. पत्रिका जुळवतो तेवढ्याच गांभीर्याने.

दुसरी पायरी: लग्न कायद्याने पक्कं आहे ना?

आपल्याकडे एक रीत रूढ झाली आहे: "व्हिसासाठी आधी रजिस्टर करून घेऊ, लग्न डिसेंबरात थाटात करू." यात मोठा धोका आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली नोंदणी म्हणजे झालेल्या लग्नाची नोंद. विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली अशाच एका जोडप्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं. आणि ऑस्ट्रेलियात 'स्पाउस' म्हणून अर्ज करायचा तर लग्न ग्राह्य असायला हवं.

विधी नंतरच करायचे असतील तर विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करा. तिथे विवाह अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर जे होतं तेच लग्न. फक्त तीस दिवसांची नोटीस लागते आणि नोटिशीआधी दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य लागतं. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येणार असेल तर हे गणित मुलीच्या जिल्ह्यावरून मांडा.

आधीचा घटस्फोट असेल तर हुकूमनाम्याची प्रत लागेल, आणि तारखा नीट बघा. हिंदू विवाह कायद्यानुसार अपिलाची मुदत संपेपर्यंत पुन्हा लग्न करता येत नाही. घाईने उरकलेलं लग्न इथे तारखांवरून पकडलं जातं.

नावांचंही बघा. पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, आधारवर वडिलांचं आणि बँकेत आणखी तिसरंच, हे मराठी मुलींच्या कागदपत्रांत फार होतं. सगळी बदलत बसू नका. कोणत्या कागदावर कोणतं नाव आहे आणि का, हे एका पानावर लिहून जोडा. मराठीतल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतरकाराचं नाव, पत्ता आणि पात्रता त्यावर असू द्या.

तिसरी पायरी: चार अंगांची फाइल

ऑस्ट्रेलियाचा स्थलांतर कायदा, १९५८ विचारतो ते एवढंच: इतर कुणालाही वगळून एकमेकांशी सहजीवनाची बांधिलकी आहे का, नातं खरं आणि चालू आहे का, आणि दोघं एकत्र राहतात किंवा निदान कायमचे वेगळे राहत नाहीत ना. शेवटचा भाग आपल्या कामाचा आहे. नोकरीमुळे तो पर्थला आणि ती कोल्हापूरला, याला कायमचं वेगळं राहणं म्हणत नाहीत. पण त्याचं कारण आणि एकत्र येण्याचा बेत सांगावा लागतो. हे सगळं तपासायला १९९४ च्या नियमावलीत चार अंगं दिली आहेत.

पहिलं पैशाचं. संयुक्त खातं, एकत्र कर्ज, एकत्र खर्च. लांब राहणाऱ्यांची इथे पंचाईत होते. मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो, पण वडिलांच्या खात्यात. घरात ते बरोबरच असतं, फाइलमध्ये मात्र बायकोच्या नावाने काहीच दिसत नाही. त्यातली थोडी रक्कम थेट तिच्या खात्यावर जाऊ द्या. एनआरई खात्यात (परदेशस्थ भारतीयाचं भारतातलं बँक खातं) जवळच्या निवासी नातेवाइकाचं नाव 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने, म्हणजे पहिल्या खातेदाराच्या पश्चात खातं दुसऱ्याकडे जाईल असं, जोडता येतं. सुपरॲन्युएशनचं (इथल्या निवृत्ती निधीचं) नॉमिनेशन आणि विमा बायकोच्या नावावर केला की तोही पुरावा. मात्र अर्जाच्या आदल्या आठवड्यात उघडलेल्या आणि व्यवहारच नसलेल्या संयुक्त खात्याने कुणाची खात्री पटत नाही.

दुसरं घराचं. एकत्र राहत असाल तर भाडेकरार, वीजबिल, दोघांच्या नावाने आलेली पत्रं, घरातली कामं कोण काय करतं याचं साधं वर्णन. लांब असाल तर तो भारतात आला तेव्हाचे पासपोर्टवरचे शिक्के, एकत्र केलेल्या प्रवासाची तिकिटं, आणि ती सासरी राहत असेल तर त्या पत्त्यावरची कागदपत्रं.

तिसरं समाजाचं, आणि हे आपलं बलस्थान आहे. आपण लग्न गाजावाजा करूनच लावतो. पण दीडशे फोटो एका फाइलमध्ये कोंबून पाठवू नका. वीस-पंचवीस निवडा आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण, कोण आहे आणि हा कोणता प्रसंग, ते लिहा. "साखरपुडा: दोन्ही घरांनी लग्न ठरल्याचं जाहीर करण्याचा विधी." "केळवण: मुलीच्या मावशीने दोघांना लग्नाआधी जेवायला बोलावलं." "पहिला दिवाळसण: जावई सासरी." या ओळी इंग्रजीत लिहून दिल्या की अधिकाऱ्याला समजतं की दोन घरांचं येणंजाणं आहे आणि ते लग्नाच्या दिवसापुरतं नाही. लग्नपत्रिका, हॉलची पावती, भटजींचं पत्र हेही ठेवा. ८८८ नंबरच्या फॉर्मवर ओळखीच्यांची किमान दोन निवेदनं लागतात. "हे फार छान जोडपं आहे" एवढ्याने भागत नाही. कधी भेटलो, काय पाहिलं, ते लिहायला सांगा.

चौथं बांधिलकीचं. इथे दोघांनी आपापल्या शब्दांत निवेदन लिहायचं असतं. कसे भेटलात, लग्न का ठरवलंत, अडचणीत कोण कसं उभं राहिलं, पुढचा बेत काय.

ठरवून केलेल्या लग्नाबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपली माणसं इथेच बिचकतात. ती लपवण्याची गोष्ट नाही. काही जोडपी 'प्रेमाची गोष्ट' रचून लिहितात, कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून. तसं मुळीच करू नका. विवाहसंस्थेवरून बायोडेटा आला, अमुक तारखेला पाहण्याचा कार्यक्रम झाला, मग दोघंच बाहेर कॉफीला गेलो, त्याने शाकाहारी स्वयंपाकाबद्दल विचारलं, मी एम.एस्सी. पूर्ण करायची अट घातली: हे जसं घडलं तसं लिहा. असे बारकावे रचून सुचत नाहीत. भेट आणि लग्न यांत पाच आठवडेच असतील तर तेही सांगा, घाईचं कारण सांगा, आणि लग्नानंतरच्या काळावर भर द्या. कॉलची नोंद रोजची नको, दर महिन्याचं एखादं पान पुरे.

खोटा कागद किंवा खोटी माहिती सापडली तर नुसता अर्ज जात नाही, तीन वर्षं अनेक व्हिसांची दारं बंद होतात. ओळखच खोटी दिली तर दहा वर्षं. आईवडिलांच्या ओळखीच्या 'एजंट'ने मागची तारीख टाकून दिलेला भाडेकरार या प्रकारातच मोडतो.

चौथी पायरी: इथे असताना अर्ज करणार असाल तर

आधी तुमच्या सध्याच्या व्हिसावर ८५०३ ही अट आहे का ते बघा. व्हिजिटर व्हिसावर ती असू शकते. असेल तर माफी मिळाल्याशिवाय इथून अर्ज करता येत नाही. व्हिसा संपून गेला असेल तर जास्तीच्या अटी लागू होतात: शेवटचा मूळ (ब्रिजिंग नसलेला) व्हिसा संपल्यापासून २८ दिवसांत अर्ज हवा, नाहीतर सवलतीसाठी सबळ कारणं दाखवावी लागतात. ही कारणं अर्जानंतर उद्भवलेलीही असू शकतात, असा निर्णय फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठाने २०१६ मध्ये दिला. मूल झालं, आजारपण आलं, तर ते कळवायला हवं ते त्यामुळेच.

८२० चा अर्ज केला की ब्रिजिंग व्हिसा ए, म्हणजे निर्णय होईपर्यंत इथे राहण्यापुरता तात्पुरता व्हिसा, मिळतो, पण तो जागा होतो सध्याचा व्हिसा संपल्यावर. स्टुडंट व्हिसावर असाल तर तोवर पंधरवड्याला ४८ तासांची कामाची मर्यादा आणि कॉलेजची हजेरी दोन्ही कायम राहतात. अर्ज केला म्हणून कोर्स सोडू नका. ब्रिजिंग ए चालू असताना भारतात जायचं तर आधी ब्रिजिंग बी घ्या, नाहीतर परतीचा रस्ता बंद. मेडिकेअरसाठी (इथली सरकारी आरोग्य योजना) मात्र अर्ज केल्यावर लगेच नाव नोंदवता येतं. ते राहून जातं अनेकांचं.

पाचवी पायरी: नकाराचं पत्र आलं तर

पहिल्या दिवशी रडू येईल. येऊ द्या. दुसऱ्या दिवशी पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा, कारण फेरतपासणी मागता येते का, कुणी मागायची आणि किती दिवसांत, हे त्यात लिहिलेलं असतं.

१४ ऑक्टोबर २०२४ पासून हे काम ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल करतं. जुन्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनलची जागा त्याने घेतली. जुने लेख वाचून २१ किंवा ७० दिवस धरून बसू नका. आता मुदत २८ दिवसांची आहे, डिटेंशनमध्ये (स्थलांतर खात्याच्या ताब्यात) असलेल्यांना सातच. आणि ही मुदत ट्रायब्युनल वाढवत नाही. आजारी होतो, गावी होतो, घरात लग्न होतं, काहीही चालत नाही.

दिवस मोजण्यातही खाच आहे. ईमेल पाठवला त्याच दिवशी तो तुम्हाला मिळाला असं धरतात, तुम्ही उघडला की नाही हा प्रश्नच नाही. आणि अर्जात पत्रव्यवहारासाठी एजंटचं नाव दिलं असेल तर पत्र एजंटला पोचलं म्हणजे तुम्हाला पोचलं. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याचं पत्र एजंटच्या इनबॉक्समध्ये एकोणीस दिवस पडून होतं. हाती उरले नऊ. त्यांनी त्यात अर्ज केला, पण ते नऊ दिवस मी विसरलेले नाही. इमीअकाउंटचा (व्हिसा अर्जाचं सरकारी ऑनलाइन खातं) पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि आठवड्यातून एकदा उघडून बघत जा.

अर्ज कुणी करायचा, इथेही लोक चुकतात. ८२० नाकारला तर व्हिसा मागणाऱ्याने. ३०९ किंवा ३०० नाकारला तर ऑस्ट्रेलियातल्या स्पॉन्सरने. म्हणजे नाशिकला बसलेल्या बायकोने भरलेला अर्ज चालणार नाही, तो इथल्या नवऱ्यानेच भरायला हवा.

फी ३,५०० डॉलरच्या वर आहे. खरोखर आर्थिक ओढाताण असेल तर निम्मी माफ करण्याची विनंती करता येते, आणि निकाल बाजूने लागला तर भरलेल्या फीतला निम्मा भाग परत मिळतो. पुरावे गोळा होईपर्यंत थांबू नका. आधी अर्ज आणि फी, पुरावे मागाहून.

सहावी पायरी: सुनावणीची तयारी

ट्रायब्युनल व्हिसा नाकारणाऱ्या सरकारी खात्याच्या चुका शोधत बसत नाही, ते सगळा विचार नव्याने करतं. नवा पुरावा चालतो, किंबहुना हवाच असतो. नकारापासून सुनावणीपर्यंत बरेचदा वर्षाहून अधिक काळ जातो आणि निकालाच्या दिवशीही नातं चालू आहे का हे बघितलं जातं. म्हणून फाइल नकाराच्या तारखेला थांबवू नका. त्या वर्षातली दिवाळी, भारतातली फेरी, एकत्र भरलेलं भाडं, मुलाचा जन्म, सगळं जोडत राहा.

माहिती अधिकाराखाली खात्याकडून आपली फाइल मागवा. अधिकाऱ्याने कुणाला फोन केला, मुलाखतीत तुम्ही काय बोललात, हे त्यात कळतं. मग नकाराच्या पत्रातला एकेक मुद्दा घ्या आणि त्यापुढे आपलं उत्तर आणि पुरावा मांडा. "आमचं खरंच प्रेम आहे" हे दहा पानं लिहिण्यापेक्षा हे एक पान उपयोगी. ट्रायब्युनलचे अनेक निर्णय ऑस्टलीआय या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तुमच्यासारख्या जोडप्याचे चार-पाच वाचा, सदस्य, म्हणजे ट्रायब्युनलमध्ये निर्णय देणारे, कशावर बोट ठेवतात ते कळतं.

सुनावणी बहुधा एकाच सदस्यापुढे होते, समोरासमोर किंवा फोन-व्हिडिओवर. दोघांना वेगवेगळं विचारलं जाऊ शकतं. लग्नाला नवऱ्याकडून कोण आलं, सध्या घरभाडं किती, सासऱ्यांचं ऑपरेशन कधी झालं, शेवटचं भांडण कशावरून. उत्तरं पाठ करू नका. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा, पाठ केलेली उत्तरं ऐकणाऱ्याला लगेच कळतात. इंग्रजी येत असलं तरी भावनेच्या विषयावर बोलायला जड जात असेल तर दुभाषी मागा. त्याचे पैसे पडत नाहीत. मी स्वतः इंग्रजीत शिकले आहे, पण आईच्या आजारपणाबद्दल सांगायची वेळ आली तेव्हा मला मराठीच सुचत होतं.

तुमच्या विरुद्ध जाणारी माहिती हाती असेल तर ट्रायब्युनल ती समोर ठेवून म्हणणं मागतं. दिलेल्या मुदतीत उत्तर द्याच, वेळ हवा असेल तर मुदतीच्या आत मागा.

यादरम्यान तुमचा ब्रिजिंग व्हिसा साधारणपणे ट्रायब्युनलचा निर्णय कळल्यानंतर ३५ दिवसांपर्यंत चालतो.

घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर

"नवऱ्याने स्पॉन्सरशिप काढून घेतली तर परत जावं लागेल" या भीतीने बायका सोसत राहतात. कायद्यात तसं नाही. ८२० चा अर्ज केलेला असताना स्पॉन्सरच्या हिंसेमुळे नातं तुटलं, तरी कायम व्हिसाचा विचार होऊ शकतो. हिंसा म्हणजे फक्त मारणं नव्हे: धमक्या, पैसे अडवून ठेवणं, पासपोर्ट काढून घेणं, माहेरी बोलू न देणं हेही त्यात येतं. कोर्टाचा आदेश नसेल तर डॉक्टर, समाजसेवक अशांच्या पुराव्यावरही दावा मांडता येतो, आणि तो ट्रायब्युनलपुढेही करता येतो. तातडीची वेळ आली तर ०००, आणि एरवी १८०० ७३७ ७३२ या क्रमांकावर चोवीस तास कुणीतरी बोलायला असतं. दुभाषी मिळतो. पुरुषांनाही हे सगळं लागू आहे.

निकाल लागल्यावर

बाजूने लागला तरी ट्रायब्युनल सहसा स्वतः व्हिसा देत नाही. "ही अट पूर्ण होते" असं सांगून केस खात्याकडे परत पाठवतं आणि उरलेल्या अटी खातं तपासतं. तोवर वैद्यकीय तपासणी आणि पोलीस दाखला जुना झालेला असतो, तो पुन्हा मागतील. भारतातला दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळवायचा तर वेळ धरून चाला.

विरुद्ध लागला तर फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात ३५ दिवसांत जाता येतं. पण कोर्ट तुमचं नातं खरं की खोटं हे पाहत नाही, निर्णय घेताना कायद्याची चूक झाली का एवढंच पाहतं. तिथे वकिलाशिवाय जाऊ नका. खर्च आणि शक्यता दोन्ही त्याला आधीच स्पष्ट विचारा, आणि हा सल्ला निर्णय हाती आल्याच्या पहिल्या आठवड्यात घ्या. ३५ दिवस मोजायला सुरुवात निर्णयाच्या तारखेपासून होते, तुम्ही सावरल्यापासून नाही.